हिमोफिलियावाल्यानं 'हार्ट चेकअप पॅकेज' घ्यावं का? सांगली-मिरजेतल्या पॅकेजची झाडाझडती

आधी निकाल. पाचपैकी तीन तारे. हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रँड किंवा रक्त नीट न गोठून होणाऱ्या रक्तस्रावाचा दुसरा कुठलाही जन्मजात आजार असलेल्या, चाळिशी गाठलेल्या माणसानं हे पॅकेज घ्यावं. फक्त यादीतल्या निम्म्या गोष्टींवर काट मारून आणि एक-दोन गोष्टी पदरच्या घालून घ्यावं. जसंच्या तसं घेतलं तर थोडे पैसे वाया जातात, आणि नशीब फिरलंच तर गुडघ्यात ब्लीड होतं किंवा नको ती गोळी सुरू होते.

विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या लॅबमध्ये हे पॅकेज जवळपास एकाच साच्यातलं आहे, म्हणून नाव कुणाचंच घेत नाही. रक्तापुरतं घेतलं तर हजार-दीड हजारात बसतं, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) धरलं तर तीन-चार हजारांवर जातं. यादी साधारण अशी: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिव्हर, किडनी, थायरॉइड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, डी जीवनसत्त्व, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी), ईसीजी, टीएमटी आणि शेवटी 'मोफत डॉक्टर सल्ला'. काही ठिकाणी वर 'क्लॉटिंग प्रोफाइल' सवलतीत मिळतं. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मुळात या लोकांना हार्टची तपासणी कशाला, असा प्रश्न घरातलेच विचारतात. "आमचं रक्तच पातळ, आम्हाला कसला आलाय अटॅक." ही समजूत अगदीच हवेतली नाही. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९८ या काळातल्या सहा हजारांवर हिमोफिलिया रुग्णांच्या मृत्यूंचा हिशोब मांडला गेला. सगळे एचआयव्हीची लागण न झालेले. २००७ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजारानं होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत ६२ टक्केच निघाले. नेदरलँड्समध्ये हिमोफिलिया रुग्णांच्या आयांचा असाच अभ्यास झाला. या बायका वाहक, त्यांचं फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन; हिमोफिलिया ए मध्ये आठव्या, बी मध्ये नवव्या क्रमांकाचं कमी असतं) थोडंसंच कमी, तरी त्यांच्यातही असे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी आढळले.

इथवर वाचून लोक थांबतात आणि भडंगाची दुसरी पुडी फोडतात. पुढचं वाचायला हवं. २०१२ साली नेदरलँड्समध्येच हिमोफिलिया ए असलेल्या पुरुषांच्या हृदयाच्या धमन्यांमधलं कॅल्शियम सीटी स्कॅनवर मोजलं, तेव्हा फॅक्टर आठ कमी असल्यामुळे धमन्या वाचल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही. त्याआधी २००४ साली व्हॉन विलेब्रँडच्या सगळ्यात तीव्र प्रकारात, म्हणजे टाइप ३ मध्ये, मानेच्या आणि मांडीच्या धमन्यांच्या भिंतीची जाडी मोजली गेली. तिथेही तेच. १९७८ साली मेयो क्लिनिकमधल्या डुकरांवरच्या प्रयोगांनी फार आशा दाखवली होती: व्हॉन विलेब्रँड असलेल्या डुकरांच्या महाधमनीत चरबीचे थर कमी सापडले होते. पुढे अशाच डुकरांना भरपूर चरबी खाऊ घातली, तेव्हा त्यांच्याही हृदयाच्या धमन्यांत थर धरला. फक्त धमनी बंद करणारी गुठळी मात्र होत नव्हती.

सगळी मेख इथेच आहे. नळाच्या पाइपात क्षार बसतो तसा हा थर आतून चिकटत नाही. तो धमनीच्या भिंतीच्या आत वाढतो. एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण भिंतीत शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्या चरबीनं फुगतात, वर तंतूंचं झाकण येतं, पुढे कॅल्शियम साचतं. या कामाला फॅक्टर आठ किंवा नऊची फारशी गरज लागत नाही. लागतो तो एलडीएल, तंबाखू, साखर, रक्तदाब आणि वेळ. अटॅक येतो तो शेवटच्या पायरीवर: झाकण फाटतं, तिथे व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच्या आधारानं प्लेटलेट चिकटतात, थ्रोम्बिन (गुठळी घट्ट करणारं प्रथिन) भराभर तयार होतं आणि गुठळी धमनी बुजवते. हिमोफिलियात थ्रोम्बिनचा हा लोंढा कमी पडतो, म्हणून शेवटची पायरी हुकण्याची शक्यता थोडी वाढते. आता आठवड्यातून दोन-तीनदा नियमित फॅक्टर घेणारा किंवा एमिसिझुमॅबवर (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) असलेला माणूस रक्त गोठण्याच्या बाबतीत सौम्य रुग्णाच्या जवळपास येऊन बसतो. उपचार जितका चांगला, तितकं हे फुकटचं संरक्षण कमी. आयुष्य वाढलं, साठी-सत्तरी गाठता येऊ लागली, तसा हा प्रश्न दारात आला.

आता पॅकेजकडे.

सगळ्यात मोलाची तपासणी यादीच्या तळाशी असते आणि फुकट असते: रक्तदाब. अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांत हिमोफिलियाच्या पुरुषांमध्ये उच्च रक्तदाब त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा जास्त आढळला आहे. या आजारात त्याचा अर्थ फक्त हार्टपुरता राहत नाही. दाब वाढलेला आणि रक्त न गोठणारं, या जोडीचा खरा धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा. आणि नेमकी हीच तपासणी लॅबमध्ये सगळ्यात घाईत उरकतात. जिना चढून आलेल्या माणसाला उभ्या-उभ्या पट्टा गुंडाळतात, आकडा लिहितात, पुढचा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवलंच पाहिजे. दंड हृदयाच्या पातळीला हवा. कोपराच्या सांध्यात जुनी ब्लीड झालेली असतील तर हात सरळ होत नाही. अशा वेळी हात ओढून ताणू द्यायचा नाही, खाली उशी घ्यायची. पट्ट्याच्या आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भागाला वेढणारी हवी, आखूड पट्टा दाब वाढवून दाखवतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायला सांगा. त्याहून बरं म्हणजे घरी दंडावरचं मशीन घ्या (मनगटाचं नको) आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांकडे जायचं. ग्लान्झमनसारखा प्लेटलेटचा आजार असेल तर पट्ट्याखाली लाल ठिपके उठतात. चोवीस तास पट्टा बांधून ठेवायची तपासणी अशांना सांगितली गेली तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारलेलं बरं.

दाब वाढलेला निघाला की पहिला प्रश्न दुखण्याच्या गोळ्यांचा. सांध्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असाल तर ते दुहेरी नुकसान आहे, प्लेटलेटही मंदावतात आणि दाबही वाढतो. एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या प्लेटलेटला हात लावत नाहीत, म्हणून हिमोफिलियाच्या सांधेदुखीत डॉक्टर त्या देतात. पण दाब त्याही वाढवतात आणि हृदयाचा धोकाही. पॅकेजच्या फॉर्मवर 'चालू औषधं' असा रकाना असतो, त्यात या गोळ्या लिहायला लोक विसरतात, कारण त्या 'लागेल तेव्हा'च्या असतात. लिहा.

घरी येऊन रक्त घेण्याची सोय चांगली आहे, फक्त तयारी आपली हवी. सुई २३ गेजची पंखवाली, म्हणजे मेडिकलमध्ये स्काल्पव्हेन म्हणून मिळते ती. लॅबवाल्याच्या पेटीत साधी २१ किंवा २२ची असते, त्यामुळे बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर दोन घरात आणून ठेवा. दंडाचा पट्टा घट्ट आवळून ठेवू द्यायचा नाही, शीर सापडली की सैल. एकदा टोचून शीर चुकली तर आतल्या आत सुई फिरवायला परवानगी नाही. काढायची, दाबायची, दुसरी जागा. सुई निघाल्यावर कोपर दुमडून कापूस धरायची जी पद्धत आहे ती इथे मोडायची: हात सरळ, बोटानं थेट दाब, घड्याळ लावून पाच मिनिटं, मध्येच उचलून बघायचं नाही. नियमित फॅक्टर घेणाऱ्यानं लॅबवाल्याला फॅक्टरच्याच दिवशी सकाळी बोलवावं. आधी त्याच स्काल्पव्हेनमधून रक्त काढायचं, मग तिथूनच फॅक्टर द्यायचं. एक टोचणी वाचते आणि टोचलेल्या जागेलाही संरक्षण मिळतं. शिरा जपणं हे या आजारात अर्धं काम आहे.

लिपिड प्रोफाइलला पूर्ण गुण. उपाशीपोटी असलंच पाहिजे असं नाही. साखर उपाशीपोटीची हवी असल्यामुळे आठ-दहा तास काही न खाता जाणं सोयीचं, इतकंच. रिपोर्टवर एलडीएल 'काढलेला' आहे की 'मोजलेला', ते बघा. काढलेल्यात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चालत नाही. भारतीय हृदयरोग संघटनेनं २०२४ साली कोलेस्टेरॉलची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कमी धोक्याच्या माणसालाही एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली आणि अतिधोक्यात ५५ च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. लॅबचा छापील 'नॉर्मल' यापेक्षा सैल असू शकतो. लिपोप्रोटीन(ए) मात्र पॅकेजमध्ये सहसा नसतं. ते जन्मात एकदा तपासलं तरी पुरतं, वारशानं येतं, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढवतं. पदरचे पैसे घालायचेच तर यावर घाला.

हिमोफिलियात एलडीएल वाढला तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालतं का? चालतं. अॅटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांनी रक्तस्राव वाढत नाही. अडचण येते ती दुखण्याची ओळख पटण्यात. स्टॅटिननं स्नायू दुखले तर बहुतेक दोन्ही बाजूंचे दुखतात, मांड्या, पिंढऱ्या, खांदे. एकाच बाजूची जांघ दुखते, पाय सरळ करताना कळ येते, माणूस कमरेत वाकून चालतो, असं असेल तर ते स्टॅटिन नव्हे, पोटाच्या मागच्या स्नायूतलं ब्लीड समजून आधी फॅक्टर आणि मग सोनोग्राफी. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) दोन्हींत वाढू शकतं, म्हणून त्या आकड्यावरून निवाडा करू नका. लिव्हरच्या तपासण्यांना याच कारणानं महत्त्व आहे. दात्यांच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या काळात प्लाझ्मा आणि क्रायो (प्लाझ्मातून काढलेला फॅक्टरचा भाग) घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो झाला होता. लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं असेल तर स्टॅटिनवर खापर फोडण्याआधी हिपॅटायटिस सी आहे का ते बघून घ्या.

एचबीए१सी वाचताना जरा जपून, विशेषतः बायकांच्या बाबतीत. व्हॉन विलेब्रँड हा काही फक्त पुरुषांचा आजार नाही. पाळीत अति रक्त जाण्यामागे तो कित्येकदा निघतो. अशा बाईच्या अंगात लोह कमी, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा म्हाताऱ्या, आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा वाढलेलं दिसतं. उलट नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तोच आकडा खोटा कमी येतो. सीबीसी त्याच पॅकेजमध्ये असतं, हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) शेजारी ठेवूनच साखरेचा निकाल लावा. शंका असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर धरा.

सीआरपी? गुडघ्यात ब्लीड होऊन आठवडा झालेला नसताना केलेल्या सीआरपीवरून हार्टचं काहीही ठरवू नका. १० च्या वर आकडा आला तर सांधा शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. होमोसिस्टिन असेल तर काट मारा.

बी१२ आणि डी जीवनसत्त्वानं पॅकेज जाड दिसतं. त्यांचा खरा त्रास नंतर सुरू होतो. आपल्याकडे बी१२ कमी न निघणारा माणूस शोधावा लागेल. रिपोर्ट आला की सल्ला देणारे डॉक्टर कमरेत पाच इंजेक्शनं लिहितात. डी जीवनसत्त्वाचंही सहा लाख युनिटचं इंजेक्शन असतं. स्नायूत दिलेलं इंजेक्शन म्हणजे हिमोफिलियात कमरेत रक्ताची गाठ मागून घेणं. बी१२ च्या गोळ्या मिळतात, डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेता येते. दोन्ही तोंडानं.

आता ते सवलतीतलं क्लॉटिंग प्रोफाइल. घेऊ नका. कारण एक नव्हे, तीन.

पहिलं, यातून नवीन काही कळत नाही. रक्त गोठायला लागणारी वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी हिमोफिलियात पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. रिपोर्टवर लाल अक्षरात 'क्रिटिकल' छापून येतं, रात्री साडेनऊला लॅबचा फोन येतो आणि घरादाराची झोप उडते.

दुसरं, नमुना. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्क्यांचं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. तीन मिलीच्या ट्यूबमध्ये २.७ मिली रक्त, खुणेपर्यंत. स्काल्पव्हेननं रक्त घेताना नळीतली हवा आधी पहिल्या ट्यूबमध्ये शिरते. ती पहिली ट्यूब निळी असेल तर रक्त कमी भरतं, सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि वेळ खोटी लांबते. आधी एखादी फालतू ट्यूब थोडी भरून बाजूला ठेवायची, मग निळी, मग बाकीच्या. त्यानंतर प्रवास. इथल्या बऱ्याच लॅब फॅक्टरच्या तपासण्या पुण्या-मुंबईला पाठवतात. कराड, साताऱ्याकडून नमुना सांगलीला किंवा थेट पुण्याला जातो तेव्हा तो पेटीत बर्फावर ठेवलेला आख्ख्या रक्ताचा असतो. थंडीत ठेवलेल्या आख्ख्या रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ घटतात. धडधाकट माणसाला व्हॉन विलेब्रँड चिकटवायचा हा हमखास मार्ग. खोलीच्या तापमानाला ठेवून चार तासांच्या आत यंत्रात दोनदा गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि तो गोठवूनच पाठवायचा, हे जमत नसेल तर लॅबनं ही तपासणी घेऊ नये. शिवाय व्हॉन विलेब्रँड फॅक्टर वयानं, तापानं, धावपळीनं, गरोदरपणात वाढतो आणि ओ रक्तगटात साधारण पाव हिश्शानं कमी असतो. हार्ट पॅकेजच्या कोपऱ्यात कोंबायची ही तपासणी नव्हे.

तिसरं, एमिसिझुमॅब. हे औषध घेणाऱ्याचं एपीटीटी नॉर्मल किंवा त्याहून आखूड येतं, आणि नेहमीच्या पद्धतीनं मोजलेलं फॅक्टर आठ भलतंच जास्त दिसतं. रिपोर्ट बघून कुणीतरी सांगतं, "तुमचा हिमोफिलिया गेला की!" गेलेला नसतो. खरं फॅक्टर मोजायचं तर गाईपासूनची रसायनं वापरणारी क्रोमोजेनिक तपासणी लागते. या औषधावर असताना दुसरी एक गोष्ट लॅबला नाही तरी डॉक्टरला कळलीच पाहिजे: इनहिबिटर (फॅक्टरला निकामी करणारी प्रतिपिंडं) असलेल्यांना दिलं जाणारं एपीसीसी हे फॅक्टरचं मिश्रण त्याच्यासोबत दिवसाला किलोमागे १०० युनिटपेक्षा जास्त, चोवीस तासांहून अधिक काळ दिलं गेलं तेव्हा गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. हिमोफिलियात गुठळी होत नाही, हे विधान इथेही टिकत नाही.

ईसीजीत सुई नाही, म्हणून काळजी नाही असं वाटतं. छातीला लावायचे रबरी फुग्याचे कप जुन्या क्लिनिकमध्ये अजून वापरतात. ते चोखून धरतात आणि व्हॉन विलेब्रँड किंवा प्लेटलेटच्या आजारात छातीवर सहा गोल काळे-निळे डाग सोडतात. चिकटपट्टीची इलेक्ट्रोड मागा, स्वस्त असतात. नव्या लॅबमध्ये तीच असतात.

टीएमटीवर सरळ काट. या तपासणीत २२० वजा वय या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत हृदयाचे ठोके न्यावे लागतात. पन्नाशीच्या माणसाला १४५ च्या आसपास. गुडघे आणि घोटे झिजलेला हिमोफिलियाचा रुग्ण चढत्या पट्ट्यावर तिथवर पोचतच नाही. मधेच थांबवलं की रिपोर्टवर 'अनिर्णित' लिहून येतं. हट्टानं पोचवलंच तर संध्याकाळपर्यंत घोटा सुजतो. गरज असेल तर औषधानं ठोके वाढवून केलेली स्ट्रेस इको करता येते. सुई न टोचता धमन्यांचा अंदाज हवा असेल तर कॅल्शियम स्कोअर: कॉन्ट्रास्ट नाही, शीर नाही, पाच-दहा मिनिटांचं सीटी. शून्य म्हणजे कॅल्शियम नाही, १०० च्या वर म्हणजे औषधाचा गंभीरपणे विचार, ४०० च्या वर म्हणजे थर भरपूर. चाळिशीच्या आत शून्य आलं तरी मऊ थर नाही असा अर्थ काढू नका. टीएमटीऐवजी हे करून द्या असं सांगितलं तर मिरजेत सीटी असलेल्या ठिकाणी वरचे पैसे भरून जमू शकतं. सीटी अँजिओग्राफीला मात्र हाताला जाड सुई लागते आणि कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिन बघावं लागतं. ती लक्षणं असतील तरच, आणि फॅक्टरची तयारी ठेवून.

टूडी इको ठेवा. झडपा, पंपिंग, भिंतींची हालचाल दिसते. साठीनंतर महाधमनीची झडप फार अरुंद झाली तर व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचे मोठे रेणू तिथल्या वेगवान प्रवाहात तुटतात आणि आतड्यातून रक्त जायला लागतं. हा जन्मजात आजार नव्हे, मागाहून आलेला. पण आधीच व्हॉन विलेब्रँड असलेल्याला तो दामदुप्पट पडतो.

वजनाचा रकाना पॅकेजमध्ये बीएमआयवर संपतो. स्नायू वाळलेल्या हिमोफिलिया रुग्णाचा बीएमआय २२ दिसतो आणि पोट मात्र सुटलेलं असतं. कमरेला टेप लावा: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. वजनाचा थेट पैशाशीही संबंध आहे. फॅक्टर आठचं एक युनिट किलोमागे दिलं की पातळी दोन टक्क्यांनी चढते, म्हणजे ४० टक्क्यांसाठी किलोला २० युनिट. साठ किलोच्या माणसाला १,२०० युनिट, ऐंशी किलोच्याला १,६००. फॅक्टर नऊला तर दुप्पट धरा. वाढलेले वीस किलो गुडघ्यावर बसतात, धमनीत बसतात आणि सरकारी फॅक्टरच्या कोट्यातही बसतात.

आता मोफत सल्ला. एक तारा इथे कापला. रिपोर्टवर सॉफ्टवेअर 'दहा वर्षांतला धोका' टक्क्यांत छापतं, तो हिमोफिलियासाठी बनलेला नाही. तो आकडा पाहून अॅस्पिरिन ७५ लिहून दिली जाते, नाहीतर पॅकेजसोबत अॅस्पिरिन असलेली 'इमर्जन्सी पुडी' भेट मिळते. अॅस्पिरिन प्लेटलेटला कायमची निकामी करते. नवीन प्लेटलेट येईपर्यंत सात ते दहा दिवस. अटॅक न आलेल्या हिमोफिलिया रुग्णाला 'असू दे' म्हणून ती सुरू करायची नाही. ज्याला खरोखर गरज आहे, म्हणजे अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्याला ती मिळू शकते, पण फॅक्टरचा हिशोब लावून. साधारण चाल अशी: एकट्या अॅस्पिरिनला फॅक्टरची तळपातळी (दोन डोसांमधली सगळ्यात कमी पातळी) किमान १ ते ५ टक्के, आणि अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट रोखणारी दुसरी गोळी) दोन्ही चालू असताना २० टक्क्यांच्या वर. तेवढी पातळी नैसर्गिक नसेल तर नियमित फॅक्टर देऊन ठेवायची. अँजिओप्लास्टीत मनगटाची वाट धरतात, प्रक्रियेआधी फॅक्टर ८० टक्क्यांच्या आसपास नेतात, आणि दोन गोळ्यांचा काळ शक्य तितका आखूड राहील असा स्टेंट निवडतात. हे ठरवताना हृदयरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ एकमेकांशी फोनवर बोललेले असले पाहिजेत. लॅबच्या केबिनमध्ये हा निर्णय होऊ शकत नाही. डेस्मोप्रेसिन आणि ट्रानेक्सामिक अॅसिड, सौम्य रुग्णांची नेहमीची औषधं, तीसुद्धा हृदयाच्या धमन्या खराब असल्याचं कळल्यावर पूर्वीसारखी बिनधास्त घ्यायची नसतात.

छातीत दुखायला लागलं तर पुडी फोडायची नाही, १०८ लावायचा. फ्रिजमधलं फॅक्टर बर्फाच्या पिशवीत घेऊन निघायचं आणि अॅम्ब्युलन्समध्येच सांगायचं की हिमोफिलिया आहे, कुठला, किती टक्के, इनहिबिटर आहे की नाही. अॅस्पिरिन द्यायची की आधी फॅक्टर, ते तिथे ठरेल.

तर असं मागा. बुकिंगच्या वेळी लॅबला सांगा: लिपिड, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिव्हर, क्रिएटिनिन, सीबीसी आणि एकदाच लिपोप्रोटीन(ए). चिकटपट्टीवाला ईसीजी आणि टूडी इको. टीएमटी, क्लॉटिंग प्रोफाइल, होमोसिस्टिन वगळून. बऱ्याच लॅब सुट्या तपासण्यांचा दर पॅकेजपेक्षा चढा लावतात, मग पॅकेज घेऊन नको त्या तपासण्या करू नका म्हणून फॉर्मवर लिहून द्या, पैसे तेवढेच लागतात. फॉर्मच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव, "स्नायूत इंजेक्शन नको, अॅस्पिरिन नको" आणि तुमच्या हिमोफिलिया केंद्राचा फोन. रिपोर्ट पीडीएफमध्ये घ्या आणि फॅक्टर आणायला सिव्हिलला किंवा साताऱ्याला जाताना डॉक्टरांपुढे ठेवा. तिथे ब्लीडची वही बघतात, कोलेस्टेरॉल कुणी विचारत नाही. स्काल्पव्हेन नाही म्हणणाऱ्या लॅबला नमस्कार करून पुढच्या पाटीकडे वळा, याच रस्त्यावर आहे.